न विचारता काढलेला पेनड्राइव्ह

सासऱ्यांचा आवाज टीव्हीवर ऐकवायचा, हे मी ठरवलं. मीना एवढंच म्हणाली होती की लॅपटॉपचे स्पीकर बारीक आहेत, आईला नीट ऐकू यायचं नाही. टीव्हीची कल्पना माझी. आमच्या घरात एखादी कल्पना माझी आहे असं कळलं की तिचं पुढे काय होणार, याचा मीनाला लग्नापासूनचा अनुभव आहे. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी त्या पाहण्याचा अर्थ होकार असा घेतला. (मला मिळालेले बहुतेक होकार असेच आहेत.)

हे सासरे म्हणजे हौसेराव. मूळचे साताऱ्याकडचे, आयुष्यभर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडीकाम केलेले. पाठीवर पोतं असतानासुद्धा ते समोरच्या गाळ्यातल्या माणसाशी गप्पा मारू शकत, इतका आवाज खणखणीत. त्यांची एक सवय होती. कुणाच्याही घरातून निघताना ते 'येतो' म्हणत आणि त्यानंतर अर्धा तास दारात उभे राहत. पायात चपला, हातात पिशवी आणि गप्पा चालूच. आपण दार लावायला जावं तर त्यांचं काहीतरी सांगायचं राहिलेलं असायचं. 'येतो' म्हटल्याशिवाय मात्र ते कधी वाण्याच्या दुकानातूनही निघाले नाहीत. 'जातो' हा शब्द तर त्यांनी घरात कुणाला उच्चारू दिला नाही.

हाच माणूस गेल्या वर्षी न सांगता गेला. घणसोलीच्या घरी दुपारी जेवले आणि आडवे झाले. सासूबाई, म्हणजे बाळाबाई, आत भांडी लावत होत्या. एकदम घर शांत झालं म्हणून त्या हातातलं ताट तसंच घेऊन बाहेर आल्या. तेव्हापासून त्या आमच्याकडे सीवूड्सला आहेत आणि दुपारच्या झोपत नाहीत. पडतात, पण डोळे छताला लागलेले. "न सांगता गेलं," एवढंच म्हणतात, कुणाची तरी तक्रार केल्यासारखं.

आता त्या आवाजाची गोष्ट. ते जाण्याच्या आधीच्या दिवाळीत दोघं आमच्याकडे आले होते. सासूबाई राहणार होत्या आणि हौसेराव एकटेच घरी निघाले होते. ते नेहमीसारखे दारात उभे राहून मार्केटातल्या जुन्या गोष्टी सांगायला लागले, तेव्हा मीनाने फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. शेवटी तिने गळ घातली की बाबा, आईचं नाव घ्या एकदा. हौसेरावांनी जन्मात बायकोला नावाने हाक मारली नव्हती, सगळा संसार 'ऐकलंस का' यावर झालेला. पण सासूबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या, ऐकायला कुणी नव्हतं. म्हातारा लाजत लाजत म्हणाला, "बाळाबाई, येतो मी." आणि त्या दिवशी खरोखरच लगेच निघाला.

ते गेल्यावर मीनाने हे आईला सांगितलं. बाबांनी तुझं नाव घेऊन 'येतो' म्हटलंय, माझ्याकडे आहे. सासूबाईंनी ऐकायला साफ नकार दिला. वर्ष पुरं व्हायच्या आत गेलेल्या माणसाचा आवाज घरात काढायचा नाही, त्याचा पाय अडकतो, असं त्यांचं म्हणणं. वर्षश्राद्धाला ऐकीन, म्हणाल्या. आणि वर्षभर त्या तेवढ्या एका वाक्याची वाट पाहत होत्या. तोंडाने बोलत नव्हत्या, पण आम्हाला दिसत होतं. मीनाचा तो फोन पुढे बंद पडला. मी त्याआधीच रेकॉर्डिंग घरच्या लॅपटॉपवर घेतलं होतं, म्हणून वाचलं. जगात तेवढी एकच प्रत होती.

इथे केतनला आणणं भाग आहे. केतन हा महाप्याच्या आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो. (मी तिथे अकाउंट्सला आहे.) घरचा लॅपटॉप पेनड्राइव्हवर काही टाकायला फार वेळ लावतो, अशी कुरकुर मी त्याच्याकडे केली होती. त्याने कुठलीशी सेटिंग बदलून दिली आणि ताकीदही दिली.

"श्यामभाऊ, आता हा पटकन 'झालं' बोलेल. पण झालेलं नसतं. माल पहिला स्वतःच्या डोक्यात ठेवतो, मग सवड मिळेल तसा पेनड्राइव्हवर उतरवतो. म्हणून काढायच्या आधी त्याला विचारायचं. तो हो बोलला तरच काढायचा. मधेच खेचलात ना, तर डोक्यात राहिलेला माल गेला."

मला हे समजायला जड नव्हतं, कारण मी स्वतः असंच काम करतो. साहेबांनी विचारलं की 'झालं सर' म्हणायचं, आणि मग दुपारच्या चहानंतर सवडीने करायला घ्यायचं. इतकं महागाचं यंत्र आपल्यातलंच निघालं याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदात ताकीद विसरलो.

श्राद्धाचा दिवस उजाडला. विधी करायला हौसेरावांचे धाकटे भाऊ उदयसिंह साताऱ्याहून आले होते. घरात पूजा झाली, आणि मग कावळ्याचं पान घेऊन सगळे गच्चीवर गेले. मी खाली एकटाच राहिलो, कारण मला 'आवाजाचं बघायचं' होतं. हॉलमध्ये हौसेरावांचा फोटो, त्याला हार, पुढे समई. समई विझू नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. भर दुपारी घरात संध्याकाळसारखा उजेड होता. स्वयंपाक होऊन गेला होता, त्यामुळे आतूनही काही आवाज नव्हता. आमच्या बिल्डिंगमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुठे ड्रिल नाही, कुठे कुत्रा नाही.

ड्रॉवरमध्ये एक जुना पेनड्राइव्ह सापडला. त्यावर पूर्वी एक फाइल होती, ती मी कधीच पुसून टाकली होती. (काय होती विचारू नका. एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरने मागवली होती, मीनाने ती माझ्या नकळत तयार केली होती, आणि तिच्याशी माझा काही संबंध नाही हे मी दवाखान्यातच स्पष्ट केलं होतं.) पेनड्राइव्ह लावला. रेकॉर्डिंग तेच आहे ना, म्हणून नुसतं सुरू करून पाहिलं.

"जावईबापू, बसा की. कुठं निघाला?"

मी बसलो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ते मला असं म्हणाले होते हे मला आठवत होतं, पण पाय आधी ऐकतात आणि डोकं मागून येतं. घाईघाईने ते बंद केलं. अंगावर काटा होता. खुर्चीवरून फोटो दिसत होता आणि हार हलत होता. पंखा बंद होता हे मी मुद्दाम दोनदा पाहिलं.

मग मी ती फाइल कट केली आणि पेनड्राइव्हवर पेस्ट केली. कॉपी केली नाही, कट केली. एक कागद एकाच जागी असावा ही माझी ऑफिसातली शिस्त. (साहेब एरवी ज्याला माझा एकमेव गुण म्हणतात, तो हा.) हिरवी पट्टी सरसर पुढे गेली, 'झालं' म्हणाली आणि नाहीशी झाली. लॅपटॉपवरून फाइल गेली, पेनड्राइव्हवर आली. सगळं छान. फक्त पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकायचा थांबेना.

काम संपलं होतं, कुणी काही करत नव्हतं, मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, आणि तो दिवा आपला लुकलुकत होता. थोडा वेळ थांबे, मग पुन्हा. केतन आठवला आणि मी रीतसर विचारलं, काढू का? लॅपटॉप म्हणाला, नाही. हा ड्राइव्ह सध्या वापरात आहे. जो कोणी वापरत असेल त्याचं काम बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

घरात मी एकटा होतो. मी सगळं बंद केलं, जे उघडलं नव्हतं तेसुद्धा बंद केलं, आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, वापरात आहे. खरं सांगतो, त्या क्षणी मला हौसेराव दिसले. म्हणजे डोळ्यांना नव्हे. 'येतो' म्हणून झालंय, पायात चपला आहेत, पिशवी हातात आहे, पण माणूस अजून दारातच उभा आहे आणि त्याचं काहीतरी सांगायचं राहिलंय, असं वाटलं. समईची वात तडतडली. मी फोटोकडे न बघायचं ठरवलं, आणि अर्थातच बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला आणि मी खुर्चीसकट मागे सरकलो. मीना होती. कावळा शिवत नाही, म्हणाली. टाकीवर बसून नुसता पानाकडे बघतोय. काकांनी सगळं कबूल करून पाहिलं. फ्रिजमधलं दही घेऊन लगेच वर या.

मी दह्याचं भांडं काढलं, परत आलो. दिवा लुकलुकतच होता. तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही. पुन्हा 'वापरात आहे' असं उत्तर आलं असतं तर मी दह्यासकट बेशुद्ध पडलो असतो. मी डोळे मिटले आणि पेनड्राइव्ह उपटून काढला.

आणि त्याच क्षणी गच्चीवरून ओरडा आला, शिवला, शिवला.

मी दही घेऊन वर पोचलो तेव्हा दह्याची गरज उरली नव्हती. कावळा पानावर बसून वडा खात होता. मीनाने सांगितलं की कुणीच काही केलं नाही. आई फक्त पुढे झाली आणि म्हणाली, "ऐकते आज तुमचं. या, जेवा," आणि तो खाली उतरला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं काहीतरी होतं. माझ्या खिशात पेनड्राइव्ह होता आणि तो गरम लागत होता.

जेवणं झाली. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, आणि आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो. सासूबाई खुर्चीत, पदर डोक्यावरून घेतलेला. उदयसिंह मांडी घालून खाली, मीना आईच्या पायाशी. मी रिमोटवाला, त्यामुळे उभा. पेनड्राइव्ह लावला, फाइल दिसली, नाव बरोबर, लांबी बरोबर. मनातल्या मनात मी केतनच्या ताकिदीला हसलोसुद्धा.

हौसेराव बोलायला लागले. टीव्हीच्या काळ्या पडद्यातून तो आवाज हॉलभर झाला. मला 'बसा की' म्हणून झालं. मग घणसोलीतल्या पहिल्या दिवसांबद्दल सांगत होते. दिवे आले नव्हते, खाडीकडून कोल्ही ओरडायची, आणि तुझी आई लाटणं उशाशी घेऊन झोपायची. सासूबाई हळूच हसल्या. उदयसिंह डोळे पुसत होते. मग पडद्यातून मीनाचा आवाज आला, बाबा, आईचं नाव घ्या की. हौसेराव खाकरले, हसले, नको नको म्हणाले. सासूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"बरं बाई," हौसेराव म्हणाले. "घेतो. ऐक. बा..."

आणि आवाज तुटला.

नुसती खरखर आली, मग तीही थांबली. टीव्हीवरचे आकडे पुढे सरकत होते. रेकॉर्डिंग चालू होतं, पण आत काही नव्हतं. मी रिमोट हलवला, जसं काही तो थर्मामीटर आहे. आणि मग ते सुरू झालं.

आधी एक खोल घरघर, रिकामी घागर विहिरीच्या कडेला घासत खाली जावी तशी. ती खाली खाली गेली आणि थांबली. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की आमचेच श्वास अडकले. मग कुणीतरी बुडता बुडता दम घ्यावा तसा आत ओढलेला श्वास, आणि शेवटी एक बारीक, थंड शिट्टी. पुन्हा घरघर.

माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो यावर माझा विश्वास बसेना.  उदयसिंह भिंतीला पाठ लावून बसले होते आणि त्यांचा आवाज फाटला होता.

"दादाचा जीव घुसमाटतुया, पाव्हणं. कशात तरी आडाकलाय त्यो. तुमी काय केलंसा?"

मी काय केलं होतं ते मला माहीत होतं. तो दारात उभा असताना मी त्याला मधेच ओढून काढलं होतं. आता तो ना इकडे ना तिकडे. मी रिमोट बाजूला ठेवला आणि टीव्हीला साष्टांग नमस्कार घातला. बाबा, चुकलं, माफ करा, पुन्हा असं होणार नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. त्या काळ्या पडद्याने मला उत्तर म्हणून एक लांब शिट्टी दिली. जमिनीला कपाळ टेकलेलं असताना मला मीना दिसली. ती घाबरलेली नव्हती. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जशी ती दूध उतू गेल्यावर बघते.

सासूबाई उठल्या. टीव्हीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि कान स्पीकरजवळ नेला. मला वाटलं आता त्या किंचाळणार. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"झोपल्यात त्ये," त्या म्हणाल्या. "आसंच. हितं थांबायचं, आन् मग शिट्टी."

थांबलं. शिट्टी आली. सासूबाईंनी मान डोलावली.

"त्या दिवशी ह्येच बंद झालं," त्या म्हणाल्या, "म्हून मी भाईर आले."

 सासूबाईंनी कोपऱ्यातली चटई घेतली, टीव्हीसमोर अंथरली आणि हाताची उशी करून आडव्या झाल्या. मीना हलकेच म्हणाली, आई, नाव ऐकायचं राहिलं. सासूबाईंनी डोळे मिटूनच सांगितलं, "झोपू दे त्यास्नी. उठल्यावं म्हनतील." आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या दुपारच्या झोपल्या. बंद खिडक्या, समई, चटईवर झोपलेली म्हातारी आणि टीव्हीतून येणारी ती घरघर. मी आयुष्यात इतका घाबरलेलो नाही.

मीनाने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"आवाज ओळखला का?"

"बाबांचा."

"तुमचा."

"मी घोरत नाही," मी म्हणालो.

"अहो, डॉक्टरांसाठी मी केलेलं ते रेकॉर्डिंग आहे. तुम्ही पुसलंत ते. मला काय, रोज उशाशी ऐकते मी. मध्ये माझाही आवाज आहे त्यात, कुशीवर व्हा म्हणून. थांबा, येईलच आता."

आम्ही दोघं ओट्याला टेकून थांबलो. आणि हॉलमधून, मेलेल्या माणसाच्या फाइलमधून, माझ्यासमोर तोंड मिटून उभ्या असलेल्या माझ्या बायकोचा आवाज आला, "कुशीवर व्हा जरा." पाठोपाठ हॉलमध्ये काहीतरी पडलं. जाऊन पाहिलं तर उदयसिंह दारात चपला घालत होते. मीना आत असताना ती टीव्हीत बोलली, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांची गाडी संध्याकाळची होती, पण ते आत्ताच निघायचं म्हणाले. घाईत 'येतो' म्हणायचंसुद्धा ते विसरले.

मी केतनला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने लॅपटॉप लगेच बंद करायला सांगितला आणि मला समजेल अशा भाषेत समजावलं. पेनड्राइव्हने नव्या फाइलसाठी जागा धरून ठेवली होती, पण तिचं अर्धं सामान अजून लॅपटॉपच्या डोक्यातच होतं. मी मधेच ओढलं. तेवढ्या जागेत जो जुना भाडेकरू होता तो तसाच आत राहिला.

"पण तो मी पुसला होता," मी म्हणालो.

"पुसलं म्हणजे दारावरची पाटी काढली, श्यामभाऊ. माणूस आतच असतो."

(हे वाक्य त्याने फोनवर सांगितलं. प्रत्यक्ष सांगितलं असतं तर मी त्याचा हात धरला असता.) मी विचारलं, लॅपटॉपवरून कट केलेल्या हौसेरावांचं काय? तो म्हणाला, तिथेही फक्त पाटीच गेलीय, पण नवा भाडेकरू घुसला तर संपलं. घेऊन या.

ते ऐकून मीना रडायला लागली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आई उठल्यावर ते उठतील म्हणून वाट बघत बसेल, आणि ते उठले नाहीत तर मी तिला काय सांगू, एवढंच तिने विचारलं.  वर्षभर ती म्हातारी एका शब्दासाठी थांबली होती आणि तो शब्द मी दह्याचं भांडं सांभाळताना घालवला होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून महाप्याला गेलो. केतनने त्यावर कसलासा प्रोग्रॅम चालवला आणि मी पूर्ण वेळ त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. नेमकं काय झालंय ते बघायला त्याने पेनड्राइव्हवरची फाइलही लावली, आणि ती मोठ्याने लागली. पलीकडच्या पार्टिशनमधून कुणीतरी विचारलं, जनरेटर सुरू झाला का. माझा त्या आवाजाशी संबंध नाही, असं मी चेहऱ्यावर दाखवत होतो. मग केतनने दुसरं काहीतरी दाबलं आणि त्याच्या टेबलावर हौसेराव म्हणाले, "जावईबापू, बसा की." मी या वेळीही बसलो. शेवटपर्यंत ऐकलं आणि केतनसमोर डोळे पुसले. त्याने त्या रेकॉर्डिंगच्या चार प्रती काढल्या. निघताना पेनड्राइव्ह मी स्वतः विचारून काढला. लॅपटॉपने हो म्हटल्यावरही थोडा वेळ थांबलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सासूबाई चटईवरच बसल्या होत्या. मीनाने त्यांना सांगितलं की बाबा उठलेत. मी रिमोट दाबला आणि बाजूला झालो. घणसोली झाली, कोल्ही झाली, लाटणं झालं. नको नको झालं. बरं बाई, घेतो, ऐक.

"बाळाबाई, येतो मी."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. कुणी निघालं की बाईमाणूस उभं राहतं तशा. पदर सारखा केला, टीव्हीकडे न बघता दाराकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "या."

मग त्या आत जाऊन चहा ठेवायला लागल्या. मीना त्यांच्या मागे गेली, आणि मी हॉलमध्ये कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. फोटोवरचा हार हलत नव्हता. पंखा मात्र चालू होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाई चटई घेऊन आल्या आणि मीनाला म्हणाल्या, ते निघायचं ऐकलं, आता झोपायचं लाव. मीनाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. सासूबाईंना तर आनंदच झाला होता की लेकीने बापाची झोपसुद्धा जपून ठेवली, आणि वर त्याला कुशीवर व्हायला सांगितलेलंही त्यात आहे, म्हणजे काळजी घेत होती. खरं सांगायची हिंमत ना तिला झाली ना मला. मीनाने पेनड्राइव्हवर तशीच राहिलेली ती घोरण्याची फाइल लावली. तेव्हापासून रोज दुपारी ते आमच्याकडे लागतं आणि सासूबाई गाढ झोपतात. मी घोरत नाही, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, त्यामुळे हा आवाज माझा आहे हे सांगायची आता सोय राहिली नाही. आपण न काढलेला आवाज दुसऱ्याच्या नावावर गेला म्हणून कुणी भांडत नाही.

परवा रविवारी मीही जेवून हॉलमध्ये सोफ्यावर जरा कलंडलो. समोर टीव्हीवर ते चालू होतं, खाली सासूबाई चटईवर. किती वेळ झाला कळलं नाही. मीनाने खांदा हलवून उठवलं, तेव्हा सासूबाई उठून बसल्या होत्या आणि कपाळाला आठ्या होत्या.

"जावईबापूंना आतल्या खोलीत झोपव गं," त्या मीनाला म्हणत होत्या. "यांच्या घोरन्यात मला त्यांचं काय ऐकू येत न्हाई. आन् त्यांचं कसं सुरात व्हतं. यांचं म्हंजी नुसता टेम्पो मागं घेतल्यावानी."